अक्काचा बब्बूगोशा

त्या शुक्रवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे दुधी आणि बटाटा कापून कोमट पाण्यात टाकला होता. डायलिसिसवरच्या माणसाची भाजी अशीच करावी लागते. आधी कापून भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग उकळायची, तेही पाणी ओतून द्यायचं आणि जे काही उरेल त्याला फोडणी द्यायची. भाजीतलं पोटॅशियम पाण्याबरोबर जातं आणि चवही त्याच्यासोबतच जाते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी माझी मोठी बहीण, कौसल्याअक्का, आणि दाजी फुलंब्रीच्या पलीकडून सकाळच्या एसटीनं निघायचे, हॉस्पिटल उरकून दुपारी माझ्या सिडकोतल्या घरी जेवायला यायचे. अक्का आतल्या खोलीत आडवी व्हायची, दाजी बाहेर पेपर वाचत बसायचे आणि उन्हं उतरली की दोघं परत जायचे. गेली काही वर्षं माझा आठवडा या दोन वारांवरच चालला होता. त्यामुळे फोन वाजला आणि दाजी म्हणाले, "सुमन, आज आम्ही येणार नाय," तेव्हा मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. डायलिसिस चुकवायचं नसतं, मागच्या पावसाळ्यात चुकवलं तर काय झालं होतं, एसटी नसेल तर जीप करा... मी चांगली झडझडून बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता लागत नाय गं ते. पहाटं गेली ती." मी फोन ठेवला आणि गॅसवरच्या भाजीचं पाणी ओतून दिलं. का दिलं, कुणासाठी दिलं, मला अजूनही सांगता येणार नाही.

याला आता काही आठवडे झाले. आषाढ संपला, श्रावण लागला. शहागंजात बब्बूगोशा आला असेल. मी तिकडं फिरकलेले नाही. पण अक्काबद्दल लिहायचं तर या फळाबद्दल लिहिल्याशिवाय सुटका नाही, कारण तिच्या शेवटच्या वर्षांत आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

आमची आई लवकर गेली. अक्का माझ्याहून बरीच मोठी, त्यामुळे माझी वेणीफणी, शाळा, आजारपण सगळं तिनंच पाहिलं. लग्न होऊन ती दाजींच्या घरी गेली ती थेट मोसंबीच्या बागेत. फुलंब्रीच्या बाजूला चांगली मोसंबी होते, आणि दाजी तर त्या पट्ट्यातले नावाजलेले बागायतदार. मी शहरात शिकायला होते तेव्हा अक्का माझ्या वसतिगृहावर पोतं भरून मोसंबी पाठवायची, आणि अख्ख्या मजल्याला ती पुरायची. तिला खायची आवड होती, पण त्याहून जास्त खाऊ घालायची. दारावर आलेला पोस्टमन असो की मीटर बघायला आलेला माणूस, मोसंबी सोलून हातात ठेवल्याशिवाय ती त्याला सोडायची नाही. आणि जीभ म्हणाल तर सुरीसारखी. एकदा एका पाहुण्यानं मोसंबी जरा आंबट आहे म्हटलं, तर म्हणाली, "मोसंबी गोडच हाय, तुमी सासुरवाडीहून आलाव ना, तोंड आंबट झालं असंल." त्या पाहुण्याचं हसं झालं ते झालंच, पण जाताना पिशवी भरूनच गेला.

तिच्या किडन्या गेल्या आहेत हे कळलं त्या दिवशी मीच तिच्यासोबत होते. डॉक्टरांचं बोलून झाल्यावर आहार समजावणारी एक तरुण मुलगी आली. केळी बंद, नारळपाणी बंद, टोमॅटो बंद, पाणी मोजून, आणि मोसंबी पूर्ण बंद. दाजी तोपर्यंत खाली मान घालून बसले होते. मोसंबीचं नाव निघाल्यावर त्यांनी मान वर केली. "बाई, आजारी माणसाला मोसंबीच देत्यात. अख्खं औरंगाबाद आमची मोसंबी खाऊन बरं व्हतं." त्या मुलीनं शांतपणे सांगितलं, की बाकीच्यांना चालते, यांना चालणार नाही, यांचं हृदय थांबू शकतं. दाजींच्या पायाशी एक थैली होती. डॉक्टरांना द्यायला म्हणून त्यांनी झाडावरची निवडून मोसंबी आणली होती. ती थैली त्यांनी पायानंच खुर्चीखाली सरकवली. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली, की मी उगीचच त्या मुलीला आवाज चढवून विचारलं, "मग त्यांनी खायचं तरी काय?" ती म्हणाली, सफरचंद खा, थोडा पेरू खा, नाशपती खा. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. "नाशपती तुरट असती ना गं? ती लाकडासारखी?"

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. आपल्याकडं गाड्यावर जी हिरवट-तपकिरी, कडक नाशपती येते तिला फळवाले नाख म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी तीच आणली आणि अक्कानं दोन घास चावून बाजूला ठेवली. पुढं श्रावणात आम्ही दोघी हॉस्पिटलातून येताना शहागंजात उतरलो, तर तिथल्या सलीमभाईंनी आमच्या हातातला नाख काढून घेतला आणि दुसरं एक पिवळसर, जरा लांबट फळ दिलं. "अम्मा, ये नाख नक्को. ये बब्बूगोशा है. मुँह में रखते ही पानी हो जाता." अक्कानं ते रिक्षातच पदरानं पुसून खाल्लं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेला होता, तिथं हात लावला की आत घरघर लागते, त्या हाताला ती फार जपायची. पण त्या दिवशी तिला त्याचंही भान नव्हतं. खाऊन झाल्यावर म्हणाली, "सुमे, देवानं आजारी माणसासाठी म्हणून येगळंच फळ केलंय का काय?" मोसंबी सुटल्यापासून मी तिला असं आनंदानं खाताना पाहिलं नव्हतं.

अक्काला एखादी गोष्ट आवडली की तिचं कूळ-मूळ विचारल्याशिवाय तिला राहवत नसे. हे फळ येतं कुठून, झाड केवढं असतं, बब्बूगोशा हे असलं कसलं नाव... सलीमभाई म्हणाले, काश्मीरहून येतं. नावाचा अर्थ कुणालाच धड सांगता आला नाही. त्याच सुमारास तिला डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटेवर एक सरदारजी भेटले. वाळूजला त्यांचा ट्रकचा व्यवसाय होता, गाव अमृतसरच्या पुढचं. दोघंही यंत्राला जोडलेली, हलायची सोय नाही, त्यामुळे गप्पांना तोटा नव्हता. अक्काचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं, पण त्यांचं छान जमायचं. सरदारजींनी सांगितलं, की नाशपतीची दोन खानदानं. एक चीनकडची, कडक, दाताखाली रवाळ लागणारी. दुसरी इराण-युरोपाकडची, लोण्यासारखी मऊ, ती थंड मुलखाशिवाय येत नाही. आणि बब्बूगोशा या दोघांच्या मधला, असं त्यांच्याकडं म्हणतात, म्हणून त्याला थोड्या थंडीतही निभावतं. रानटी नाशपतीच्या खोडावर त्याचं कलम बांधतात. त्यांच्या गावी घरटी एखादं झाड असतंच. जास्त झालं की बायका त्याचा मुरब्बा घालतात, आलं-गूळ घालून चटणी करतात, फोडी वाळवून ठेवतात, खाली पडलेलं म्हशी खातात. लाकूड इतकं घट्ट की त्याच्या पळ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. अक्का जेवताना हे सगळं आम्हाला पुन्हा सांगायची, आणि दाजी ऐकायचे.

दाजींना एक गोष्ट खुपत होती. बब्बूगोशा दोन-अडीच महिने मिळतो, मग वर्षभर नाव नाही. मिळाला तरी शीतगृहातला, पिठूळ. पण तेही कारण खरं नव्हतं. एकदा मी पिशवीतून फळं काढत होते तेव्हा ते न राहवून बोलले, "एवढी बाग हाय माझी. आन् माझ्या बायकोनं दुसऱ्याच्या रानातलं इकत आणून खायचं?" मी म्हटलं, दाजी, अहो बाजार कशासाठी असतो मग. त्यांच्या मनानं तिथंच घेतलं होतं, की आपल्या रानातलं, आपल्या हातचं, तिला चालेल असं एक तरी फळ तिनं खाल्लं पाहिजे. त्यांनी आयुष्यभर जे पिकवलं ते तिला विष झालं होतं. त्या एका फळापेक्षा जास्त त्यांना काही नको होतं, आणि यापेक्षा कमीवर ते थांबणारही नव्हते.

सरदारजींनी आपल्या ट्रकमधून कलम मागवलं. ऐन थंडीत ओल्या बारदानात गुंडाळून ते आलं, तर एकही पान नाही, माती नाही, नुसती काठी आणि खाली चार मुळ्या. दाजी हातात धरून म्हणाले, "ही काठी लावायची व्हय?" अक्का म्हणाली, "मला आणलं तवा मीबी काठीच व्हते." विहिरीजवळ, मोसंबीपासून लांब, तिला दारातून दिसेल अशा जागी त्यांनी ते लावलं. उन्हाळ्यात काठीला पालवी फुटली. दोन वर्षांत झाड माझ्या डोक्यावर गेलं, पानं अशी तकतकीत की तेल लावल्यासारखी, पण फूल म्हणून नाही. कृषी खात्यातले एक साहेब येऊन पाहून गेले आणि म्हणाले, इथं याला पुरेशी थंडी मिळत नाही, सावलीला म्हणून ठेवा. सरदारजींचं म्हणणं निराळं होतं. "भाईसाब, इसको सर्दी में सोना चाहिए. आप सोने नहीं देते इसको."

आता झाडाला झोपवायचं म्हणजे काय करायचं हे मोसंबीवाल्याला शिकवावं लागत नाही. मोसंबीचा बहार धरायचा तर झाडाला ताण देतात. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळू द्यायची, झाड अगदी जेरीला आलं की मग पाणी सोडायचं, म्हणजे ते फुलानं भरतं. दाजींचा त्यात हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी नाशपतीला तसाच ताण दिला. दिवाळीनंतर पाणी बंद. झाडानं पानं टाकली खरी, पण पाणी सोडल्यावर फुललं नाही. उलट एक फांदी शेंड्यापासून वाळत आली आणि खोडाला भुंगा लागला. पुढच्या वर्षी पुन्हा ताण द्यायची तयारी चालली तेव्हा अक्का दारात बसून होती. तिला दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, तहान लागली की बर्फाचा खडा चघळायची. ती म्हणाली, "मी तहानेली, ते झाडबी तहानेलं. या घरात एकाला तरी पोटभर पाणी पिऊ द्या की." दाजींनी फावडं टाकलं, सरळ जाऊन पाट त्या झाडाकडं वळवला. आणि त्यानंतर त्या झाडाचं पाणी कधी तोडलं नाही.

मग पानं गळून झाड झोपायचं कसं? तर ती हातानं काढायची, ही अक्काची कल्पना. मार्गशीर्षात मी गेले होते तेव्हा दोघांचं तेच चाललं होतं. अक्का खुर्ची टाकून झाडाखाली बसलेली, डावा हात मांडीवर ठेवून उजव्या हातानं खालच्या फांद्यांची पानं एकेक करून खुडत होती. दाजी शिडीवर. मी म्हटलं, तुम्हा दोघांना वेड लागलंय. अक्का म्हणाली, "लागलंय. ये, तूबी खूड." मी पण बसले. झाड मुंडन केल्यासारखं दिसायला लागलं आणि आम्ही तिघंही खूप हसलो. त्या दुपारी अक्का आजारी आहे हे मी थोडा वेळ विसरले होते.

मधल्या काळात एका मंगळवारी सरदारजींच्या खाटेवर दुसराच माणूस होता. त्या खोलीत असं विचारायची पद्धत नाही. नर्सही काही सांगत नाही, आणि खाटेवर आलेल्या नव्या माणसाला आधीचा कोण होता हे ठाऊक नसतं. अक्का त्या दिवशी यंत्र सुरू असताना भिंतीकडं तोंड करून पडली होती. घरी येऊन जेवलीही नाही. नंतर कळलं, की ते रविवारीच गेले. त्यांच्या घरी जायचं आमच्या मनात होतं, पण वाळूज एका टोकाला, आणि अक्काला इतकी दगदग झेपेना. राहून गेलं.

त्या हिवाळ्यात थंडी मात्र पडली. अशी पडली की सिडकोत लोक रस्त्यावर शेकोट्या करून बसत. महाशिवरात्रीच्या सुमारास दाजींचा फोन आला, आणि आनंदानं त्यांना बोलता येईना, शेवटी अक्कानंच फोन घेतला. "सुमे, फुललंय गं. पांढरं शुभ्र. एकच फांदी फुलली, पण फुललंय." मी दुसऱ्याच दिवशी पाहून आले. खरंच एक फांदी फुलली होती, बाकी झाड उघडं. बरीचशी फुलं गळाली, उन्हाळ्यानं काही लहान फळं खाल्ली, आणि शेवटी चार राहिली. अक्कानं आपल्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या आणि दाजींनी पोपटांच्या भीतीनं प्रत्येक फळाला एकेक बांधली. रोज सकाळी पिशवी जरा वर करून बघायचं आणि पुन्हा बांधायचं, असा त्यांचा नेम झाला.

श्रावण आला. शहागंजात बब्बूगोशा आला, तरी अक्का त्याला हात लावेना. म्हणायची, घरचं खाऊ दे आधी. फळं चांगली मुठीएवढी झाली होती, पण हिरवी आणि टणक. अक्काला घाई झाली होती. "तोडा की आता." दाजी ऐकेनात. "कच्चं हाय. झाडाचं एकदा तोडलं की संपलं. तोडल्यावर मोसंबी गोड झाल्याली बघितलीस का कधी?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोसंबी झाडावरच भरते, झाडावरच गोड होते. तोडल्यावर सुकते, पण गोडी वाढत नाही. आंब्यालासुद्धा पाड लागल्याशिवाय माणूस हात लावत नाही. तेव्हा हे फळही आपण होऊन काहीतरी खूण देईल अशी त्यांची खात्री होती. तीन आठवडे त्यांनी वाट पाहिली. तिलाही पाहायला लावली. मग एका सोमवारी चारही फळांना पिवळी झाक आली आणि त्यातलं एक पिशवीसकट हाताला सुटून आलं.

मंगळवारी दाजी चारही फळं तोडून, डब्यात घालून, डबा मांडीवर धरून एसटीनं आले. अक्काचं डायलिसिस झालं, आम्ही घरी आलो. मी ताटली, सुरी काढून दिली. अक्कानं पहिलं फळ हातात घेतलं, हुंगलं, दाजींच्या हातात दिलं, "तुमीच कापा," म्हणाली. त्यांनी कापलं. वरून पिवळंधमक, आणि आत बियांभोवती सगळं तपकिरी, ओलं, आंबलेलं. वास आला. दाजींनी दुसरं कापलं. तेही तसंच. तिसरंही. चौथं त्यांच्यानं कापवेना, ते मी कापलं... दाजी ताटलीकडं बघत बसले होते.

मग अक्कानं सुरी घेतली. एका फळाच्या सालीलगत, जिथं अजून पांढरं होतं, तिथून तिनं नखाएवढी एक चकती काढली आणि तोंडात टाकली. डोळे मिटून चावली. "गोड हाय," म्हणाली. "लई गोड हाय." दाजी म्हणाले, "उगं मन राखू नको माझं." आणि उठून हात धुवायला गेले. अक्का मला हळूच म्हणाली, "खरंच गोड हाय गं सुमे. देवाशप्पथ. ह्यांना वाटतंय मी खोटं बोलायली." मीही एक चकती काढून पाहिली, पण माझ्या नाकात तो आंबूस वास इतका भरला होता, की मला काही कळलं नाही. मी बाहेर जाऊन दाजींना म्हटलं, दाजी, अक्का खरं सांगतेय. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "असू दे. आपली मातीच नाय त्याच्या लायक. मातीफुडं कुणाचं काय चालतंय?" त्या बोलण्यात दुःख होतं, पण थोडी सुटकाही होती. माणसाचा दोष नसला की गोष्ट सहन होते. नंतर त्यांनी त्या फळांचा विषय काढला नाही. पाणी मात्र ते झाडाला देतच राहिले.

पुढच्या हिवाळ्यात थंडी पडलीच नाही. पानं खुडूनही झाड फुललं नाही. अक्काही उतरणीला लागली होती. फिस्टुला नीट चालेना, गळ्याजवळ नळी घालावी लागली, पाय सुजायचे, बोलणं कमी झालं. तिच्या शेवटच्या मंगळवारी जेवण झाल्यावर मी तिला आतल्या खोलीत झोपवलं, तर तिनं माझा हात धरून विचारलं, "सुमे, औंदा थंडी पडंल का गं?" मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, ज्याचा हिशेब मांडता येत नाही त्याबद्दल बोलायची मला सवय नाही. पण मी म्हटलं, "पडेल की. चांगली पडेल." तिनं मान हलवली. शुक्रवारी पहाटे ती गेली.

आता खरं म्हणजे इथं थांबायला हवं होतं. पण मागच्या मंगळवारी जे घडलं ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. दाजी अजून मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. घरात बसवत नाही म्हणतात. त्याच एसटीनं येतात, बाहेरच्या खुर्चीवर बसतात, जेवतात, जातात. मीही काही म्हणत नाही. तर त्या दिवशी ते आलेले असताना सरदारजींच्या पत्नी, मनजीतभाभी, भेटायला आल्या. हॉस्पिटलातून त्यांना अक्काचं कळलं, तिथूनच माझा पत्ता मिळाला. अक्का आणि त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पुष्कळदा भेटलेल्या. भाभी बराच वेळ अक्काबद्दल बोलल्या, रडल्या, मग डोळे पुसत त्यांनी दाजींना विचारलं, "भाईसाब, वो पेड़ है ना अभी? उसको फल लगा था?"

दाजी म्हणाले, लागलं होतं. चार लागली होती. पण आतून सगळी सडकी निघाली.

"पेड़ पे पकाया होगा," भाभी अगदी सहज म्हणाल्या. "बब्बूगोशा पेड़ पे छोड़ो तो अंदर से गल जाता है. सख़्त-सख़्त तोड़ते हैं, फिर तूड़ी में दबा के रखते हैं, गेहूँ की तूड़ी में. हफ़्ता-दस दिन में मक्खन हो जाता है. इन्होंने बताया नहीं था?" मग त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि त्या थांबल्या. सरदारजींनी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडं हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, त्यामुळे ते सांगायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात आलं नसणार, आणि आमच्या झाडाला फळ धरलं तोवर ते राहिले नव्हते. भाभींनी विषय बदलायचा प्रयत्न केला, चहा घेतला, दाजींच्या पाया पडून गेल्या.

दाजी खुर्चीवर बसून राहिले. मला वाटलं आता ते पेपर उघडतील. ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. अक्का गेल्यापासून ते त्या खोलीत गेले नव्हते. मी मागं गेले तर ते तिच्या पलंगाच्या कडेला बसले होते, ज्या बाजूला ती फिस्टुलाचा हात ठेवायची त्या बाजूला.

"म्हंजी फळं चांगली व्हती," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो दाजी."

"ती म्हणली गोड हाय, तर गोडच असणार ते."

"हो."

अक्काचं म्हणणं ते आज मान्य करत होते, आणि मला वाटलं, त्यांनी ते कधीच मान्य केलं नसतं तर किती बरं झालं असतं. मातीचा दोष होता तोवर ते कसेबसे उभे होते. मी शेजारी बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी विचारलं, "तूडी म्हंजी काय म्हणल्या त्या?"

"गव्हाचा भुसा, दाजी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सुमन, आपल्या गोठ्यात भुसाच भुसा हाय गं," ते म्हणाले. "छतापत्तोर भरलाय."